बोलिंग बॉलचं ड्रिलिंग: लेआउट कसा ठरवायचा आणि लेनवर तो काय करतो

प्रो शॉपमध्ये, म्हणजे बॉल विकून त्याला भोकं पाडून देणाऱ्या दुकानात, नवा बॉल काउंटरवर ठेवला की बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो, "पिन अप करायचा की पिन डाउन?" उत्तरही ठरलेलं असतं. लीगमधल्या एखाद्या चांगल्या बोलरच्या बॉलकडे बोट दाखवायचं आणि "त्याच्यासारखाच करा" म्हणायचं. पण त्याच्या बॉलवरची पिन (बॉलवरचा छोटा रंगीत ठिपका) जिथे आहे, तिथे ती त्याच्या हातासाठी ठेवलेली आहे. तुमचा बॉल वेगळ्या अक्षाभोवती फिरत असेल, तर बोटांच्या भोकांपासून अगदी त्याच जागी पिन ठेवूनही तुमचा बॉल निराळाच वागेल. लेआउट, म्हणजे भोकं कुठे पाडायची याची आखणी, मोजायचा तो तुमच्या बॉलच्या फिरण्याच्या अक्षापासून. ही एक गोष्ट पक्की धरली की पुढचं सगळं सोपं होतं.

स्वतःचा फिंगरटिप पकडीचा (बोटांचं फक्त पहिलं पेर आत जातं असा) बॉल घेतलेल्या किंवा घेणार असलेल्या लोकांसाठी हे लिहितो आहे. अमेरिकेत ऑफिसच्या लीगमध्ये खेळणारे आपले बरेच जण हाउस बॉल (केंद्रातला सगळ्यांसाठीचा) सोडून स्वतःच्या बॉलवर येतात, तेव्हा नेमके इथेच अडखळतात. खाली सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या हिशोबाने दिलं आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट वाचावं.

लेनवर नेमकं काय घडतं

फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट. लेनची रुंदी ३९ फळ्यांची, आणि साधारण सुरुवातीच्या ४० फुटांवर तेल. बॉल आधी घसरतो, मग वळतो, मग लोळतो. इंग्रजीत बोलणारे याला स्किड, हुक आणि रोल म्हणतात, आपणही तेच शब्द वापरू.

घसरतो का, हे एका साध्या गणिताने कळतं. नियमाप्रमाणे बॉलचा घेर जास्तीत जास्त २७ इंच असतो. ताशी १७ मैल वेगाने जाणाऱ्या बॉलला अजिबात न घसरता लोळायचं असेल, तर त्याचे मिनिटाला साधारण ६६० फेरे व्हायला हवेत. लीगमधला सर्वसाधारण बोलर देतो ३०० च्या आसपास. ही तूट लेनचं घर्षण भरून काढतं. वेग कमी होत जातो, फेरे वाढत जातात, आणि फिरण्याची दिशा हळूहळू प्रवासाच्या दिशेशी जुळते. दिशा जुळत असताना बॉल वळतो, पूर्ण जुळली की वळणं थांबतं.

लेआउटचं काम एवढंच, की ही तूट कुठे भरायला लागेल आणि किती झटकन भरेल, हे थोडंसं पुढेमागे करणं. "थोडंसं" हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस, म्हणजे यूएसबीसी, या संस्थेच्या बॉल मोशन अभ्यासात बॉलच्या वागण्यावर सर्वांत जास्त परिणाम करणारा घटक ठरला तो पृष्ठभागाचा खरखरीतपणा. तेव्हा ५०० ग्रिटच्या, म्हणजे खरखरीत, पॅडने घासलेला बॉल आणि तोच बॉल पॉलिश करून, यांत जो फरक पडेल, तेवढा कुठल्याही दोन लेआउटमध्ये पडणार नाही. चुकीचा बॉल घेऊन तो लेआउटने दुरुस्त करता येत नाही. योग्य बॉल घेतला असेल तर तो तुमच्या हाताला नेमका बसवणं मात्र लेआउटने जमतं.

बॉलच्या आत

रिअ‍ॅक्टिव्ह (म्हणजे लेनवर पकड घेणाऱ्या रेझिनच्या) बॉलच्या आत एक जड कोअर, म्हणजे गाभा, असतो. बॉलवर जो छोटा रंगीत ठिपका दिसतो ती पिन. ती कोअरच्या डोक्याची जागा दाखवते. (उभ्या दहा पिनांशी हिचा काही संबंध नाही.) कंपनीच्या माहितीपत्रकात तीन आकडे असतात, ते बघायची सवय लावा.

पहिला आरजी, म्हणजे रेडियस ऑफ जायरेशन. वजन केंद्राजवळ असेल तर आरजी कमी आणि बॉल लवकर फेरे घेतो. वजन बाहेरच्या बाजूला असेल तर आरजी जास्त आणि फेरे उशिरा वाढतात. यूएसबीसीच्या नियमात हा आकडा २.४६ ते २.८० इंचांच्या मध्ये असावा लागतो. दुसरा डिफरन्शियल, म्हणजे बॉलच्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आरजीमधला फरक. याची कमाल मर्यादा ०.०६० इंच. डिफरन्शियल जितका मोठा, तितका फ्लेअर जास्त. तिसरा मास बायसचा, म्हणजे कोअर एका बाजूला किती जास्त जड आहे त्याचा आकडा, इंटरमीडिएट डिफरन्शियल. तो साधारण ०.००८ च्या वर असेल तर बॉलला असिमेट्रिक (नाहीतर सिमेट्रिक) म्हणतात आणि त्यावर मास बायसची वेगळी खूण असते.

फ्लेअर म्हणजे काय, हे तुमच्या बॉलवर प्रत्यक्ष दिसतं. बॉल परत आला की न पुसता बघा: तेलाची एकच रेघ नसते, पंख्यासारख्या पसरलेल्या अनेक रेघा असतात. जमिनीवरचा भोवरा फिरता फिरता डोकं हलवतो, तसा हा बॉल फिरताना आपला अक्ष सरकवत जातो, म्हणून प्रत्येक फेऱ्याला वेगळी, कोरडी पट्टी लेनला लागते. कोरडी पट्टी म्हणजे जास्त पकड. फ्लेअर नसलेला बॉल तीच तेलकट पट्टी पुन्हा पुन्हा टेकवतो आणि घसरत राहतो.

पहिली पायरी: स्वतःला मोजा

चार गोष्टी हव्यात. त्यातली पहिली सगळ्यात महत्त्वाची.

पीएपी, म्हणजे पॉझिटिव्ह अ‍ॅक्सिस पॉइंट. बॉल हातातून सुटल्या क्षणी ज्या अक्षाभोवती फिरतो, त्या अक्षाचं तुमच्या उजव्या बाजूचं टोक. ते असं शोधा. बॉल स्वच्छ पुसा आणि तेल असलेल्या लेनवर तुमचा नेहमीचा स्ट्राइकचा (सगळ्या पिना पाडायचा) बॉल टाका. परत आला की न पुसता हातात घ्या. तेलाच्या रेघांमधली बोटांच्या आणि अंगठ्याच्या भोकांना सर्वांत जवळची रेघ ही पहिली. नंतरच्या रेघा भोकांपासून लांब सरकत जातात. त्या पहिल्या रेघेवर ग्रीस पेन्सिलने चार-पाच ठिकाणी खुणा करा. ही रेघ म्हणजे बॉलवरचं एक वर्तुळ आहे. या वर्तुळावरच्या सगळ्या खुणांपासून सारख्याच अंतरावर असलेला उजव्या बाजूचा बिंदू, तो तुमचा पीएपी. प्रो शॉपमध्ये यासाठी आर्माडिलो नावाचं वाकवता येणारं साधन असतं, ते रेघेवर बसवलं की बिंदू लगेच सापडतो. घरी मोजपट्टीनेही जमतं, फक्त धीर लागतो.

बिंदू बरोबर आहे ना, याची खात्री सोपी आहे. तिथे पांढऱ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवा, बॉल टाका आणि उजवीकडून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा. हातातून सुटल्यावर पहिल्या काही फुटांत टेप जागच्या जागी फिरताना दिसला, तर बिंदू बरोबर. गोल गोल घिरट्या घालत असेल, तर टेप थोडा सरकवून पुन्हा बघा. हे दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी करा. दमल्यावर हात वेगळा सुटतो.

आता लिहायचं कसं? बोटं आणि अंगठा यांच्या बरोब्बर मधला बिंदू म्हणजे ग्रिप सेंटर. त्यातून आडवी जाणारी रेषा म्हणजे मिडलाइन. पीएपी मिडलाइनवर उजवीकडे किती इंच आणि वर किंवा खाली किती, हे लिहायचं: "५ उजवीकडे, अर्धा वर". पीएपीमधून मिडलाइनला काटकोनात जाणारी उभी रेषा म्हणजे व्हर्टिकल अ‍ॅक्सिस लाइन, पुढे तिला व्हीएएल म्हणू.

दुसरी गोष्ट, फेरे. त्याच चित्रीकरणात, मोबाइल २४० फ्रेमला असेल तर सुटल्यानंतरच्या एका पूर्ण फेऱ्याला किती फ्रेम लागल्या ते मोजा आणि १४४०० ला त्या आकड्याने भागा. ४८ फ्रेम लागल्या तर मिनिटाला ३०० फेरे. तिसरी, वेग. फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंतचे सेकंद मोजा आणि ४०.९ ला त्याने भागा, २.४ सेकंद म्हणजे ताशी १७ मैल, सरासरी. चौथी गोष्ट म्हणजे रोटेशन आणि टिल्ट: सुटताना बॉल किती आडवा फिरतो आणि अक्ष किती वर उचललेला असतो. हे अचूक मोजणं कठीण आहे, पण ढोबळ अंदाज पुरतो. तेलाची पहिली रेघ भोकांच्या अगदी जवळून, जवळजवळ पूर्ण घेराची जात असेल तर टिल्ट कमी. रेघेचं वर्तुळ लहान आणि भोकांपासून लांब असेल तर टिल्ट जास्त, आणि असा बॉल मुळातच लांबवर घसरतो.

लेआउटचे तीन आकडे

सध्या सर्वांत जास्त वापरात असलेली पद्धत म्हणजे ड्युअल अँगल. ती रुजवली मो पिनेल यांनी. कोअरच्या रचनेवर आयुष्यभर काम केलेला हा माणूस २०२१ मध्ये गेला, पण आज प्रो शॉपमध्ये जी भाषा बोलली जाते ती बरीचशी त्यांची आहे. लेआउट लिहिला जातो असा: ६० × ४.५ × ३०. पहिला ड्रिलिंग अँगल, मधला पिनपासून पीएपीपर्यंतचं अंतर, तिसरा व्हीएएल अँगल.

आधी मधला आकडा समजून घ्या. बॉलच्या घेराचा चौथा भाग पावणेसात इंच, म्हणून हे अंतर शून्य ते पावणेसात असू शकतं. पिन थेट पीएपीवर असेल तर बॉल आपल्या सर्वांत कमी आरजीच्या अक्षावरच फिरतो: लवकर फेरे घेतो, पण फ्लेअर जवळपास नाही. पिन पावणेसात इंचांवर असेल तर सर्वांत जास्त आरजीचा अक्ष: फेरे उशिरा, फ्लेअर पुन्हा नाही. दोन्ही टोकांना अक्ष स्थिर असतो, त्याला सरकण्याचं कारण नसतं. बरोबर मध्ये, ३.३७५ इंचांवर, अक्ष सर्वांत अस्थिर आणि सिमेट्रिक बॉलचा फ्लेअर सर्वांत जास्त. जुने लोक याला लेव्हरेज लेआउट म्हणतात.

व्यवहारात बहुतेक बॉल साडेतीन ते सव्वापाच इंचांमध्ये ड्रिल होतात. साडेतीन-चारला बॉल लेनच्या मध्यावरच जागा होतो, म्हणजे वळायला लागतो, आणि भरपूर वळतो. साडेचारच्या आसपास लांबी आणि शेवटचं वळण यांचा मेळ बसतो. पाचच्या पुढे फ्लेअर कमी होतो, बॉल लांब जातो आणि एकंदर वळण घटतं. अडीचच्या आतले लेआउट खास कामासाठी: तेल फार कमी असताना, लवकर लोळणारा, शेवटी अजिबात न उसळणारा बॉल हवा असेल तर.

तिसरा आकडा, व्हीएएल अँगल. पीएपीवर उभं राहून बघितलं तर व्हीएएल आणि पिनकडे जाणारी रेषा यांच्यामधला हा कोन. लहान असेल, २० ते ३५ अंश, तर पिन वर जाते, बोटांच्या वर, म्हणजे लोक ज्याला पिन अप म्हणतात ते. असा बॉल तेल संपल्यावर झटकन दिशा बदलतो. कोन मोठा असेल, ६० ते ७५, तर पिन बोटांच्या खाली येते आणि वळण लांबलचक, संथ, एकसारखं होतं.

पहिला आकडा, ड्रिलिंग अँगल. पिनवर उभं राहून, पीएपीकडे जाणारी रेषा आणि मास बायसकडे जाणारी रेषा यांच्यामधला कोन. लहान कोन म्हणजे मास बायस लवकर कामाला लागतो, बॉल लवकर जागा होतो. मोठा कोन म्हणजे उशिरा. असिमेट्रिक बॉलमध्ये हा आकडा जोरात बोलतो. सिमेट्रिक बॉलमध्ये त्याचा प्रभाव कमी, पण शून्य नाही, कारण अंगठ्याचं भोक पाडल्यावर तिथलं वजन जातं आणि सिमेट्रिक बॉलही थोडा असिमेट्रिक होतो.

पिनेल दोन कोनांकडे एकत्र बघायला सांगत. दोघांची बेरीज लहान असेल तर स्किडमधून रोलमध्ये जाणं झटपट, मोठी असेल तर सावकाश. ड्रिलिंग अँगल व्हीएएल अँगलच्या तुलनेत मोठा असेल तर बॉल लांब जाऊन वळतो. लहान असेल तर लवकर सुरुवात करतो.

स्टॉर्म कंपनीची पिन बफर पद्धत हेच तीन अंतरांत सांगते: पिन ते पीएपी, मास बायस ते पीएपी, आणि पिन ते व्हीएएल. बॉल तोच, भाषा वेगळी. आपला ६० × ४.५ × ३० त्या भाषेत साधारण ४.५ × ४.७५ × २ होतो. दुकानदार कुठली भाषा बोलतो ते आधी विचारा, नाहीतर ४.५ × ४.७५ × २ ऐकून तुम्ही गोंधळाल.

प्रत्यक्ष बॉलवर आखणी

असिमेट्रिक बॉल घेऊ. बोलरचा पीएपी "५ उजवीकडे, वर-खाली शून्य" आणि लेआउट ६० × ४.५ × ३०. हे काम दुकानदार करतो, पण शेजारी उभं राहून बघावं, आणि ड्रिल मशीन सुरू होण्याआधी पीएपीपासूनचं अंतर स्वतः मोजावं.

बॉल अशा रीतीने धरा की पिन वर आणि मास बायसची खूण खाली येईल. दोघांना जोडणारी रेषा काढा. आता कोनमापक पिनवर ठेवा, या रेषेपासून उजवीकडे ६० अंश उघडा आणि दुसरी रेषा काढा. तिच्यावर पिनपासून साडेचार इंचांवर खूण: हा पीएपी. आता कोनमापक पीएपीवर. पिनकडे जाणाऱ्या रेषेपासून उजवीकडे ३० अंश उघडून, वर-खाली दोन्हीकडे जाणारी रेषा काढा: ही व्हीएएल. व्हीएएलला काटकोनात, डावीकडे जाणारी रेषा म्हणजे मिडलाइन, आणि तिच्यावर पाच इंचांवर ग्रिप सेंटर. पीएपी अर्धा इंच वर असता, तर आधी व्हीएएलवरून अर्धा इंच खाली उतरून मग काटकोन काढला असता. ग्रिप सेंटरमधून उभी रेषा, त्यावर वर बोटं, खाली अंगठा.

या बोलरच्या बॉलवर पिन कुठे आली? अनामिकेच्या भोकाच्या वर, किंचित उजवीकडे. व्हीएएलपासून तिचं अंतर साधारण १.९ इंच. आता फक्त शेवटचा कोन बदलू: ६० × ४.५ × ७०. पिन उतरून मिडलाइनपासून सव्वा-दीड इंचावर, अनामिकेच्या भोकाखाली येते, आणि व्हीएएलपासूनचं अंतर चार इंचांच्या थोडं पुढे जातं. पिन ते पीएपी अंतर दोन्हींत तेच, म्हणून फ्लेअरची ताकद साधारण तीच. बदलला तो वळणाचा आकार. पहिल्यात कोनांची बेरीज ९०, दुसऱ्यात १३०. पहिला बॉल लेनच्या शेवटच्या भागात कोपरा घेतल्यासारखा वळेल, दुसरा आधी सुरू करून कमानीसारखा येईल.

आता हाच "अनामिकेच्या वर, किंचित उजवीकडे" पिन असलेला बॉल ज्याचा पीएपी चार इंचांवर आहे अशा मित्राने बघून "तसाच" करून घेतला, तर त्याच्यासाठी पिन ते पीएपी अंतर साडेचार राहत नाही आणि व्हीएएल अँगलही तीस राहत नाही. नक्कल म्हणायची ती दिसण्यापुरतीच.

कोणाला काय

वेग जास्त आणि फेरे कमी असतील, म्हणजे बॉल पिनांपर्यंत पोहोचला तरी वळायचा बाकी राहत असेल, तर लवकर जागा होणारा लेआउट हवा: पिन ते पीएपी साडेतीन ते सव्वाचार, ड्रिलिंग अँगल ३० ते ४५, व्हीएएल अँगल मध्यम. आणि त्याआधी पृष्ठभाग १००० किंवा २००० ग्रिटवर. अशा बोलरला लोक हमखास "पिन अप करून घे, लेनच्या शेवटी जोरात वळेल" असं सुचवतात. मला हा सल्ला पटत नाही. शेवटी वळायला आधी बॉलने वेग टाकायला हवा, आणि याचा बॉल तेवढा वेळ लेनवर असतच नाही.

उलट फेरे जास्त आणि वेग कमी असेल, तर बॉल लवकर वळून दमतो आणि पिनांवर आदळताना त्यात जोर उरत नाही. इथे पावणेपाच ते सव्वापाच इंच, ड्रिलिंग अँगल ७० किंवा वर. व्हीएएल अँगल मात्र तुम्हाला काय हवं यावर. लेनचा बाहेरचा भाग कोरडा असेल तर मोठा ठेवा, नाहीतर बॉल तिथे पोहोचला की उसळेल.

टिल्ट जास्त असणाऱ्यांना पहिल्या गटासारखं वागवा. रोटेशन आणि टिल्ट दोन्ही कमी असणाऱ्यांचा बॉल मुळातच लवकर लोळायला लागतो. त्यांना लहान व्हीएएल अँगल आणि मोठा ड्रिलिंग अँगल मदत करतो. या आकड्यांत अर्धा इंच किंवा दहा-पंधरा अंशांपेक्षा बारीक फरक करण्यात लीगच्या बोलरने वेळ घालवू नये, असं माझं मत आहे. आपण दोन बॉल सारखे टाकत नाही, तो फरक याहून मोठा असतो.

बॅगेत तीन बॉल असतील तर तिन्हींना एकच लेआउट देऊ नका, आणि तिन्ही टोकाचेही करू नका. एक साडेचारच्या आसपासचा मध्यम, ज्याच्यावर विश्वास आहे असा. त्याच्याकडे बघून लेन कळते. दुसरा जास्त ताकदीच्या कव्हरचा (बाहेरच्या थराचा), लवकर जागा होणारा. तिसरा कमी ताकदीचा, तेल ओसरल्यावर, लांब जाऊन वळणारा. शिवाय एक प्लास्टिकचा, स्पेअरसाठी, म्हणजे उरलेल्या पिना पाडायला; त्याच्या लेआउटची चिंता करायचं कारण नाही.

दोन हातांनी टाकणारे, आणि नियम

ऑस्ट्रेलियाच्या जेसन बेलमोंटीमुळे दोन हातांनी, अंगठा न घालता टाकण्याची पद्धत जगभर पसरली. पीबीएच्या, म्हणजे व्यावसायिक बोलरांच्या संघटनेच्या, इतिहासात मेजर स्पर्धांची सर्वाधिक विजेतेपदं त्याच्याच नावावर आहेत. अशा बोलरच्या बॉलला अंगठ्याचं भोक नसतं, त्यामुळे कोअरची मूळ ताकद जवळपास तशीच राहते. सिमेट्रिक बॉल सिमेट्रिकच्या जवळ राहतो. शिवाय फेरे बहुधा ४०० च्या वर. म्हणून माहितीपत्रकातला "मध्यम" बॉल त्यांच्या हातात मध्यम राहत नाही. लांब अंतराचे, शांत लेआउट त्यांना जास्त उपयोगी पडतात.

१ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीने बॅलन्स होल बंद केलं. त्याआधी पकडीसाठी नसलेलं एक जास्तीचं भोक पाडून फ्लेअर वाढवता किंवा कमी करता येत असे. आता बॉलवरचं प्रत्येक भोक टाकताना वापरात असायला हवं. जुना बॉल विकत घेत असाल तर हे नक्की बघा, जास्तीचं भोक असेल तर ते बुजवावं लागेल. त्याच वेळी दहा पौंडांवरच्या बॉलसाठी स्थिर वजनातल्या (बॉलच्या दोन बाजूंच्या वजनातल्या) फरकाची सूट ३ औंसांपर्यंत वाढली, त्यामुळे बहुतेक लेआउट सहज नियमात बसतात. अंगठा न वापरणाऱ्यांनी तळवा जिथे टेकतो तिथे अधिकचं चिन्ह कोरून घ्यायचं असतं.

ड्रिल झाल्यावर

पहिल्या दिवशी स्कोअर बघू नका. आधी पकड बघा. अंगठा ओढला जात असेल, बोटांच्या टोकांवर ताण येत असेल, स्पॅन (बोटं आणि अंगठ्याच्या भोकांमधलं अंतर) लांब वाटत असेल, तर लेआउटबद्दल कुठलाही निष्कर्ष काढू नका, कारण बॉल तुमच्या नेहमीच्या अक्षावर सुटतच नाहीये. पकड नीट करून घ्या, मग पुढे.

मग ताज्या तेलावर, एकाच जागेवरून, एकाच निशाण्यावर टाका आणि तीन गोष्टी बघा. बॉल कुठे दिशा बदलायला लागला, बदल टोकदार होता की गोल, आणि पिनांवर आदळल्यावर तो सरळ पुढे गेला की बाजूला ढकलला गेला. परत आल्यावर तेलाच्या रेघा बघा. रेघा कुठल्याही भोकावरून जात असतील, किंवा बॉल जाताना भोक लेनला लागल्याचा खट खट आवाज येत असेल, तर दुकानदाराला दाखवा. पुढच्या वेळी पिनची जागा हलवून रेघा भोकांपासून दूर नेता येतात.

बॉल फार लवकर वळत असेल तर लगेच लेआउटला दोष देऊ नका. आधी पृष्ठभाग एक पायरी गुळगुळीत करा: २००० वरून ३०००. फार उशिरा वळत असेल तर एक पायरी खरखरीत. मान्यताप्राप्त स्पर्धा सुरू झाल्यावर पॅडने घासायला परवानगी नसते, म्हणून हे प्रयोग सरावातच करून घ्या. रोज नीट तेल न घालणाऱ्या मनोरंजन केंद्राच्या लेनवर बॉलची पारख करू नका. तिथे प्रत्येक बॉल लवकर वळतो.

दोन-तीन पृष्ठभाग करून बघितले आणि वळणाचा आकारच मनाजोगता येत नसेल, तर बॉल प्लग करून, म्हणजे भोकं बुजवून, पुन्हा ड्रिल करता येतो. प्लग सुकायला वेळ द्यावा लागतो आणि भरलेल्या जागेचं वजन कोअरच्या मूळ वजनाइतकं नसतं, म्हणून दुसरा लेआउट नव्या बॉलवर जसा वागला असता अगदी तसा वागेलच असं नाही. त्याआधी पीएपी पुन्हा मोजा. पकड, मनगट किंवा टाकण्याची पद्धत बदलली असेल तर तो सरकलेला असतो, आणि जुन्या आकड्यावर आखलेला नवा लेआउटही फसतो. मोजलेला पीएपी, फेरे, वेग आणि प्रत्येक बॉलचा लेआउट एका कागदावर तारखेसह लिहून बॅगेत ठेवा. पुढच्या वेळी "पिन अप की डाउन" विचारलं गेलं की तो कागद काउंटरवर ठेवा.